न आवरलेली लेव्हल

माझ्या मेहुण्याच्या हाती सगळं जग दिलं, तर तो ते बदलणार नाही, नुसतं आवरून ठेवील. आणि मग आपल्याला आपलंच घर सापडणार नाही. पेठ वडगावहून तो आमच्या राजारामपुरीच्या फ्लॅटवर आला, की चहा व्हायच्या आत स्वयंपाकघरातले डबे हलतात. हळद मिठाच्या जागी जाते, मीठ फ्रिजवर. "दाजी, आता कसं शिस्तीत झालं की!" असं म्हणून तो गावी जातो, आणि त्याची बहीण, म्हणजे आमची सौ., पुढे आठवडाभर मीठ शोधताना माझ्यावर चिडते.

हाच माणूस मोबाईलचा गेम करत होता. हलगीचा ठेका वाजतो, पडद्यावर ठिपका येतो, बरोबर त्या क्षणी बोट टेकवायचं, इतका सोपा खेळ. ठिपके जिथे मांडायचे तो एडिटरही त्यानंच लिहिला होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. गेममध्ये एकही लेव्हल नव्हती, पण एडिटरचा कोड आवरणं काही संपत नव्हतं. लॅपटॉप उघडून तो मोठ्या कौतुकानं दाखवायचा. मी म्हणायचो, "अरे, हे मागच्या वेळेसारखंच दिसतंय." त्याचा चेहरा उजळायचा. "व्हय की, दाजी! भाईरनं कायबी बदललं न्हाय. आतनं सगळं नवीन हाय!" आतलं मला कळत नसे. मी मान डोलवायचो.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. हा सगळा खटाटोप त्याच्या आबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी होता. कुस्तीच्या मैदानात त्यांची हलगी चढली, की बघणाऱ्यांचेही बाहू फुरफुरायचे. आता त्यांचा हात कापायला लागला होता. हलगीची काठी धरवत नव्हती, बोट अजून चालत होतं. ते चालतंय तोवर त्यांचा ठेका गेममध्ये उतरवायचा होता, आणि हा गडी आवरत बसलेला! शेवटी बहिणीनंच त्याला खडसावलं, "आबांचा हात काय तुझ्या एडिटरची वाट बघत थांबणार हाय व्हय रं?"

पुढच्या रविवारी आम्ही वडगावात. आता एडिटरमध्ये बटणावर बोटानं ठेका धरला की ठिपके आपोआप पडत होते, आणि घसरलेला ठिपका आपणहून नेमक्या जागी जाऊन बसत होता. आबांपुढे लॅपटॉप ठेवला तर ते म्हणाले, "तापिवला का?" हलगी शेकल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी वाजवली नव्हती. मेहुण्याचा जुना लॅपटॉप कायमच तापलेला. आबांनी त्याच्या बुडाला हात लावून खात्री केली आणि मगच वाजवायला घेतलं. झाल्यावर मेहुण्यानं ठेका ऐकवला. कुठे म्हणून खोट नाही. आबा माझ्याकडे वळले. "पावणं, ह्यो कोण वाजिवतोय? चांगला हाय. पर मी न्हवं."

घसरलेले ठिपके जागी बसवणारी, एवढ्या हौसेनं केलेली ती सुधारणा मेहुण्यानं आमच्यादेखत काढून टाकली आणि आबांना पुन्हा वाजवायला लावलं. या वेळी बोट मध्येच थरथरलेलं, ठोके घसरलेले आणि शेवटी लय मैदानातल्यासारखी चढलेली, सगळं जसंच्या तसं ऐकू आलं. "हां," आबा म्हणाले, "ह्यो मी." त्या दिवशी मला माझा मेहुणा फार आवडला.

आता आबांचं बोटही उठत नाही. गेम लोकांच्या मोबाईलवर गेला आहे, आणि खेळणारे तक्रार लिहितात, की शेवटच्या लेव्हलमध्ये ठिपके वेडेवाकडे येतात, दुरुस्त करा. मीही तिथे, आबांच्या त्या ठेक्यावर, दरवेळी आपटतो. परवा मेहुणा आला, चपलांचा स्टँड आवरला, माझ्या गोळ्यांचा डबा आवरला, तेव्हा मी म्हटलं, "ती लेव्हलही आवर की."

"ऱ्हाऊ दे, दाजी," तो म्हणाला, आणि माझ्याच मोबाईलवर ती खेळायला बसला. डोळे मिटून. जिथे आबांचं बोट थरथरलं होतं, तिथे त्याचंही बोट तेवढंच अडखळलं. एकही ठिपका चुकला नाही.