घरातली गोष्ट

आमच्या वर राहणाऱ्या बाई शाळेत शिकवायच्या. नळावर कोणी कुणाबद्दल काही सांगू लागलं, की त्या शांतपणे विचारायच्या, "तू स्वतः पाह्यलं का वं?" सांगणारीचा आवाज मग खाली यायचा.

एका दिवाळी अंकात त्यांचा लेख आला. लग्नानंतर काही वर्षं त्या नरखेडकडे सासरी राहिल्या होत्या. संत्र्याच्या बागा असलेले सासरे दर पंधरा ऑगस्टला गावात झेंडा फडकवून स्वातंत्र्यावर भाषण करायचे. अशाच एका सकाळी त्यांचा पिढीजात गडी गोठ्यात बांधलेला होता. आजारी मुलीला भेटायला तो न विचारता गेला होता, म्हणून त्याला धरून आणलं होतं. बाईंनी पाहिलं तेवढंच लिहिलं होतं.

आठवड्याभरात त्यांचे दीर आले. मी तिथेच बसले होते.

"वहिनी, हे काहून लिहिलं तुम्ही?"

"यातलं खोटं काय हाय, भाऊजी?"

त्यांनी लेख पुन्हा वाचला. "खोटं नाही. पण घरातली गोष्ट बाहेर काहून नेली?"

"तो गडी रोजी मागायचा, तेव्हा तुम्हीच म्हणत होते ना, 'तू तं घरातला माणूस हायेस, तुले कायची रोजी?'"

दीर निघून गेले. बाईंनी दार लावलं.

"ते घर आता मले बंद झालं," त्या म्हणाल्या. "पण गावातले लोक त्या गड्याले विचारून राहिले असतील, काय झालं होतं म्हणून. आजवर कोणीच विचारलं नव्हतं."