मोठ्या सिस्टर आणि राहिलेली रांग

मोठ्या सिस्टर कुणाचा रक्तदाब मोजायच्या तेव्हा खोलीत कुणी बोलायचं नाही. पंखासुद्धा बंद. कडा गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स म्हणून नवी लागले तेव्हा मला हे चमत्कारिक वाटलं. त्या दोन्ही आकडे कागदावर लिहायच्या आणि त्यांच्यामधलं अंतर बघत बसायच्या.

"वरचा चढतोय आन् खालचा उतरतोय, म्हंजे शिरा ताठ झाल्या," त्यांनी मला शिकवलं. "साखर लई वर्सं अंगात मुरली का असं होतं. मग काळजाला दर ठोक्याला जोर लावावा लागतो. माणूस हसतो, पर काळीज थकलेलं असतंय."

त्यांना स्वतःला अठरा वर्षांपासून मधुमेह होता. त्यांचा दाब मीच मोजायची. आकड्यांमधलं अंतर वाढतच चाललं होतं. मी सांगायला गेले की म्हणायच्या, "म्हाईत हाय मला," आणि पुढच्या माणसाला हाक मारायच्या.

एकदा मधुमेह असलेला एक मेंढपाळ आला. नुसता घाम आणि दम. "ऊन लागलं, दुसरं काय," तो म्हणाला. सिस्टर कडाडल्या, "साखरवाल्याची छाती दुखतच न्हाई कवा कवा! बस जीपमधी." हृदयविकाराचा झटकाच निघाला. माणूस वाचला.

मागच्या उन्हाळ्यात समाजमंदिरात तपासणी होती. दुपारी सिस्टरांच्या कपाळावर घाम डवरला. हात गार लागला. मी म्हटलं, "चला, जीप बोलावते."

"कशाला? दुखतंय कुठं? रांग संपू दे."

मला कळलं होतं. त्यांनाही कळलं असणार. पण त्या मोठ्या. मी पुढच्या माणसाला हाक मारली. पाऊण तासानं त्या खुर्चीतच कलंडल्या.

नगरच्या रस्त्यावर, जीपमध्ये, त्यांनी डोळे उघडले. "किती राहिले?"

"सात."

"बोलाव त्यान्ला."

दवाखाना यायच्या आधीच त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला.

तिसऱ्या दिवशी मी त्या साती जणांना निरोप धाडले. सहा आले. सातवी एक म्हातारी होती. तिच्या घरी मीच गेले.

"त्या बाईनं बोलीवलं असतं तर आले असते," ती म्हणाली.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडले. म्हातारी माझ्याशेजारी टेकली आणि दाब मोजायला तिनं आपणहून हात पुढे केला.