डाव्या खांद्याची रायफल

म्युनिकच्या बंदुकांच्या दुकानात मी पक्षी बघायला बायनॉक्युलर घ्यायला गेलो आणि ते विसरून एका सत्तरीच्या बाईंकडेच बघत राहिलो. त्या लांब पल्ल्याची शिकारी रायफल एकेक भाग निवडून बनवून घेत होत्या.

दुकानदाराने दिलेली जड नळी त्यांनी हातात तोलून परत केली. "आल्झो, बरं मग, ही घेऊन डोंगर कोण चढणार? तुम्ही?"

हलकी नळी ठरली. अडलं दस्त्यावर. डोळे मिटून त्या दस्ता डाव्या खांद्याला लावायच्या, गाल टेकवायच्या, मग डोळे उघडायच्या. नजर नळीवरच्या दुर्बिणीच्या मधोमध नसली की दस्ता बाद.

"जनावर पहिल्याच गोळीत पडलं पाहिजे. त्याला तडफडत ठेवायचा मला काय हक्क?"

"पण तुम्ही तर कायम उजवीकडून मारता!" दुकानदार वैतागला.

"त्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यावर आता बंदूक नाही."

मला वाईट वाटलं. चाळिशीतच मी गुडघ्यांचं निमित्त करून जिने टाळतो. तेवढ्यात पुढचा दस्ता लावून त्यांनी डोळे उघडले.

"गेनाऊ! अगदी हाच!" दुकान दणाणलं. मग माझ्याकडे वळून त्या मिश्कील हसल्या. "डाव्याबद्दल मी डॉक्टरांना विचारलंच नाही."