कात्री लागली की माल आपला

सोलापुरात विजापूर वेशीजवळ शाळेचे गणवेश शिवणारे अण्णाराव बिराजदार एरवी अगदी सरळ माणूस. फक्त चहाच्या टपरीवर बसले की त्यांची जीभ हाताबाहेर जाते. अशाच एका सकाळी शेजारच्या दुकानातल्या सिद्धप्पाने त्यांना डिवचलं, की फोनमधली मेमरी आपल्या देशात बनतच नाही, तेव्हा तुमच्या खिशातले फोटोही परदेशीच म्हणायचे. अण्णारावांना ते झोंबलं. देशी मेमरी येईपर्यंत नवा फोन घेणार नाही आणि आहे त्यात मेमरी कार्डही घालणार नाही, अशी सिद्धेश्वराची शपथ त्यांनी चारचौघांत घेऊन टाकली.

शपथ घेताना हलकी असते, जड होते नंतर. फोन तुडुंब भरला आणि नवं काही आलं की जागा नाही म्हणून हात वर करू लागला. अण्णारावांनी आधी सकाळच्या फुलांचे संदेश पुसले, मग पुढाऱ्यांची भाषणं, मग मेहुण्याच्या वास्तुशांतीचा व्हिडिओ. तो पुसताना तर त्यांना बरंच वाटलं. पण उरलेल्या फोटोंत त्यांची लेक दानेश्वरी लहानाची मोठी झाली होती. त्यांतला एकही पुसायला हात धजेना. पंचाईत अशी, की हीच दानेश्वरी शपथेनंतर गुजरातेत मेमरी चिपच्या कारखान्यात कामाला लागली होती आणि तिथले फोटो धाडत होती. एकही उघडेना. बायकोचा, महादेवीचा फोन बोलण्यापुरताच, आणि सिद्धप्पाच्या फोनवर बघायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं. आपली पोर कामावर कशी दिसते हे बापालाच ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांना आतून फार लागायचं.

दानेश्वरी सुट्टीवर आली ती मेमरी कार्ड घेऊनच.

"अप्पा, ह्यातली चिप आमच्याकडं तयार झालीय. आता शपथ सुटली की."

अण्णारावांना आनंद झाला, पण माणूस व्यवहाराचा. त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की चिप कोरलेल्या चकत्या बाहेरदेशातून येतात. हिच्याकडे त्या कापायच्या, एकेक तुकडा आवरणात बसवायचा आणि तपासायचा.

"म्हंजे कापड बाहेरचं, हितं नुसती शिलाई," ते म्हणाले. "मग ती आपली कशी?"

दानेश्वरीचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून ती हेच दाखवायला आली होती. तिने हळूच विचारलं, आपल्या गणवेशाचं कापड कुठलं. राजस्थानातल्या भिलवाड्याचं, हे अण्णारावांना सांगावंच लागलं. मग पिशवीवर सोलापूर का छापता, असं तिने विचारल्यावर मात्र ते तडकले.

"कात्री लागली की तागा परत जात न्हाय. बिघडला तर नुकसान आपलं, मग नाव बी आपलंच."

बोलून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी लेकीला विचारलं,

"तुमच्यात कापताना बिघडली तर?"

"आमच्याच माथ्यावर."

"मग आपली हाय," अण्णाराव म्हणाले. "चकती बी करा कवातरी. पण ही आपली हाय."

कार्ड बसलं. दानेश्वरीने त्यावर फोटो भरूनच आणले होते. पहिल्यातच डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात झाकलेली माणसं ओळीने उभी, उघडे फक्त डोळे. अण्णारावांनी चष्मा पुसला आणि ज्याचा पोशाख सगळ्यांत बेतशीर बसला होता त्याच्यावर बोट ठेवलं, ही तू. तो ओडिशाचा कुणी पोरगा निघाला. दानेश्वरी टोकाला होती, हात बाह्यांत बुडालेले, पोशाखाचे खांदे कोपराकडे घसरलेले. आपली पोर आपल्याला ओळखू आली नाही याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त त्या खांद्यांचं. आयुष्यभर लोकांच्या पोरांना मापात बसवलं, आणि स्वतःची अशी ढगळ उभी.

त्यांनी टेप काढली. दानेश्वरी हसत समजावत होती, की तो पोशाख कारखान्याचाच असतो, बाहेर शिवलेला आत नेता येत नाही. टेप तोवर तिच्या खांद्यावर पोचली होती.

"मी कुटं शिवतो म्हंतो," ते म्हणाले. "माप देतो, त्येंना दाखव. सरळ उभी ऱ्हा."