इंजिन चालू असताना उतरलो

त्या दिवसाबद्दल मला माफी मागायला सांगितलं होतं. मी मागितली नाही, आणि आता म्हातारपणीही मागणार नाही.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या एका मालकाचं एका इंजिनाचं छोटं विमान मी चालवायचो. वडील दुर्ग लाइनीवर रेल्वेच्या गँगचे मुकादम. पोराचं विमान उडवणं म्हणजे त्यांना नसते उद्योग वाटायचे. त्या दिवशी एका मोठ्या साहेबांना दक्षिणेकडचे लोखंडाचे डोंगर वरून दाखवून परत आणत होतो. साहेब पुण्याकडचे, हुशार आणि भलत्या घाईत. भिलाईला नव्या भट्टीची पूजा होती आणि नारळ त्यांच्या हातून फुटायचा होता.

भिलाईच्या अलीकडे, उतई गावाच्या आसपास ऑइलचा काटा खाली यायला लागला. पाठोपाठ समोरच्या काचेवर काळे थेंब. लांबवर कारखान्याच्या चिमण्या दिसत होत्या, धावपट्टी त्यांच्याही पलीकडे.

"मी खाली उतरवून राहिलो," मी ओरडलो.

"वेडा आहेस का? इंजिन चालू आहे! भिलाई ही काय समोर!"

"चालू आहे म्हनूनच उतरवतो."

तेल गळणारं इंजिन किती वेळ साथ देईल ते कुणी सांगू शकत नाही. ते बंद पडल्यावर जागा शोधत बसता येत नाही, जिथं पडाल ती जागा. आणि धावपट्टीच्या अलीकडे मजुरांच्या झोपड्या होत्या, एकीला एक चिकटून. तिथं बंद पडलं असतं तर साहेबांचा नारळ कुणाच्या डोक्यावर फुटला असता?

साहेबांनी खाली बोट दाखवलं. "मग त्या शेतात उतरव!" धान कापून झालेलं शेत वरून पाटासारखं सपाट दिसत होतं. पण मी धानाच्याच मुलखातला. तिथल्या प्रत्येक बांधीला, म्हणजे खाचराला, चारी बाजूंनी मातीचा उंच धुरा असतो. चाक त्यात अडकलं की विमान पालथं.

डावीकडे नव्या रेल्वे लाइनीचा भराव होता, सरळसोट, रूळ अजून पडायचे होते. पुढचा तुकडा ताज्या लाल मातीचा, स्वच्छ. अलीकडचा ओबडधोबड, गवत माजलेला. साहेब अर्थातच लाल तुकड्याकडे हात करत होते. "नव्या मातीले एक पावसाळा पिऊ द्या लागते, मंगच तिच्यावर रूळ," हे मी लहानपणी घरी जेवताना वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की कान किटले होते. मी गवत धरलं, तिथली माती पावसाळा पिऊन घट्ट बसलेली. चाकं जेमतेम भरावावर, पंख दोन्हीकडे अधांतरी. साहेब देवाचं नाव घेत होते, मी शिव्या घालत होतो. विमान थांबलं. इंजिन तेव्हाही चालूच होतं, मी हातानं बंद केलं.

बैलगाडीनं भिलाईला पोचेस्तोवर पूजा आटोपली होती. नारळ दुसऱ्याच कुणीतरी फोडला होता. साहेबांना ते फार लागलं.

पुढच्या आठवड्यात मालकानं बोलावलं. साहेब आधीच खुर्चीत बसलेले. "इंजिन चालू होतं," ते म्हणाले. "हा घाबरला आणि चारचौघांत माझी शोभा केली." मेकॅनिकला तेलाची नळी तडकलेली सापडली होती, पण इंजिन बंद पडलं नव्हतं ना, मग मीच भित्रा!

मालक म्हणाला, "माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

उडण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. पण साहेबांचा तो लालबुंद चेहरा पाहिला आणि भीती कुठल्या कुठे गेली.

"रागवा साहेब, खुशाल रागवा," मी म्हणालो. "मेलेल्या मानसाले राग येत नाही. तुमाले येऊन राहिला, म्हंजे माह्यं काम बराबर झालं."

नोकरी गेली. दोन वर्षं घरी बसलो. वडिलांनी त्या काळात नसत्या उद्योगांचा एकदाही उल्लेख केला नाही. मग पिकांवर औषध फवारणारं विमान मिळालं आणि मी पुन्हा उडायला लागलो.

साहेब पुढे फार मोठे झाले. निवृत्तीनंतरही लग्नकार्यात नातवाला मांडीवर घेऊन एका भित्र्या पायलटची गोष्ट रंगवून सांगायचे म्हणे. ते कानावर आलं की बायको चिडायची. "तुमी कावून काही बोलत नाही?"

"सांगू दे न त्याले," मी म्हणायचो. "मांडीवर नातू घेऊन सांगून राहिला न?"