न पिणाऱ्याची जीभ

शेंदूरजनाघाटच्या माळ्याच्या घरात जन्मलेल्या जानरावच्या वाट्याला शेती आली नाही, जीभ आली. संत्र्याची एक फोड तोंडात टाकली की तो सांगायचा, ही कोणाच्या बागेतली, झाडाला पाणी वेळेवर मिळालं होतं की ताण पडला होता, फळ झाडावर पिकलं की गवतात घालून पिकवलं. व्यापारी त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे, चार फोडी खाऊ घालायचे आणि वाटेला लावायचे. बाग थोरल्या भावानं कसली. चाखून पोट भरत नाही हे कळायला जानरावला तिशी उजाडली. एक्कावन्न साली बायको सत्यवती आणि सहा वर्षांची पोरगी बेबी यांना घेऊन तो अमरावतीला आला आणि खुशालराव गुत्तेदाराच्या दारूच्या गोदामात पिंपं धुवायला लागला.

तिथं पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. मेळघाटाकडून मोहाच्या दारूची गाडी आली होती. खुशालराव पेल्यात थोडी ओतून वास घेत होते. जानराव शेजारी पिंप घासत होता. तो वासावरूनच, मान वर न करता म्हणाला, "मालक, दोन भट्ट्यांचा माल आहे हा. एका भट्टीत फुलं जळाली होती."

गाडीवाल्याचा चेहरा उतरला आणि खुशालरावांना काय ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून जानरावच्या हातातला खराटा गेला आणि पेला आला.

काम तसं सोपं होतं. चार थेंब तळहातावर चोळायचे, हुंगायचे. मग घोटभर जिभेवर घ्यायची, गालाकडून गालाकडं फिरवायची, थुंकून टाकायची, चूळ भरायची आणि दोन फुटाणे चावायचे. दिवसाकाठी वीस-वीस पेले. आठ वर्षांत त्यातला एक घोट जानरावनं गिळला नाही. एक तर पोटात गेली की जीभ जड होते. दुसरं, त्याला ती आवडतच नव्हती.

पण हे सांगायचं कोणाला? संध्याकाळी तो घरी आला की सदऱ्याला वास यायचा, मिशीला यायचा. सत्यवती पदर नाकाला लावायची.

"मी पीत नाही वं," तो म्हणायचा. "चव पाह्यतो फक्त."

"तोंडात घेता ना? मंग पोटात जायले किती दूर आहे?" ती म्हणायची. देव्हाऱ्याला हात लावू द्यायची नाही. माहेरी गेली की नवरा कापसाच्या गोदामात आहे असं सांगायची. हळूहळू जानरावनं पटवून सांगणं सोडलं.

गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात एक पिंप होतं. गोऱ्या पलटणीच्या कॅन्टीनच्या लिलावातलं, जाड विलायती लाकडाचं, आतून जाळून काळं केलेलं. त्रेपन्न साली त्यात मोहाची भरून ठेवली होती, मग पुढं पोत्यांची थप्पी लागली आणि सगळे विसरले. छप्पन साली थप्पी हलवली तेव्हा जानरावनं बूच काढलं.

धार पडली ती पाण्यासारखी पांढरी नव्हती. गव्हाच्या काडीचा रंग होता. त्यानं हुंगलं आणि पुन्हा हुंगलं. मोहाच्या फुलाचा तो उग्र, आंबूस वास कुठं गेला होता? मोह होताच, पण मधासारखा, खाली बसलेला. जिभेवर घेतली तर आधी गूळ, मग मिरीचा चटका, मग ओल्या लाकडाचा तुरटपणा आणि अगदी शेवटी, थुंकल्यावर, वाळल्या संत्र्याच्या सालीची कडसर चव. घसा जळाला नाही. जानराव बराच वेळ रिकामा पेला हातात धरून बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला थुंकल्याचं वाईट वाटलं.

त्यानं मालकांना बोलावलं. खुशालरावांनी आधी पिंप ठोकून पाहिलं.

"वरचा चौथा हिस्सा कुठं गेला?"

"लाकूड पिते, मालक. तीन वर्सं झाली."

"लाकूड पिलं का तू पिला?"

जानरावनं पेला भरून पुढं केला. म्हणाला, "आधी चाखून तर पाहा."

खुशालरावांनी चाखली आणि पेला पुन्हा पुढं केला. तेव्हा जानरावनं मनातलं सांगितलं. माल तोच, मोहाचा. खर्च फक्त पिंपाचा आणि थांबण्याचा. आणखी अकरा पिंपं भरून ठेवू, तीन वर्षांनी काढू आणि साध्यापेक्षा थोड्याच जास्त भावात विकू. जिनिंगमधले हमाल संध्याकाळी कच्ची धार ढोसतात, डोळे लाल करून, पोट धरून बसतात. "ते काही सोडत नाहीत, मालक. मंग निदान पोट जाळणार नाही अशी तरी भेटू द्या त्यायले."

"तीन वर्सं माल अडकवू?" खुशालराव म्हणाले. पण जिभेवरची चव गेली नव्हती. अकरा पिंपं भरली गेली.

सत्तावन्नच्या थंडीत खुशालरावांनी कॅम्पातल्या बंगल्यावर दोन पाहुणे बोलावले. एक रामराव वकील, दुसरे पंजाबराव, निवृत्त तहसीलदार. येताना पंजाबरावांनी मुंबईच्या जावयानं पाठवलेली विलायती बाटली आणली होती. खुशालरावांना गंमत सुचली. तीन पेले भरले; एकात साधी मोहाची, एकात कोपऱ्यातल्या पिंपातली, एकात पंजाबरावांची विलायती. कोणत्यात काय हे फक्त त्यांना ठाऊक. जानरावला दाराशी उभं केलं होतं.

साध्या मोहाची दोघांनी लगेच बाजूला सारली. उरलेल्या दोन पेल्यांवर मात्र गाडी अडली. रामराव वकिलांनी डोळे मिटून घोट घेतला, पेला उजेडात धरला.

"ही," ते मधल्या पेल्याकडं बोट दाखवून म्हणाले. "काय वजन आहे पाहा. ही तुमची विलायती, पंजाबराव."

पंजाबरावांनीही मान डोलावली. "जावई खराब चीज पाठवत नसते."

खुशालराव हसायला लागले. "ती आपली मोहाची आहे. ह्या जानरावनं पिंपात ठेवलेली."

वकिलांनी पेला पुन्हा ओठाला लावला आणि खाली ठेवला. "तरीच," ते म्हणाले. "मागून जरा जळकट लागते. पहिल्यांदा समजत नाही."

"हाव, वास आहेच," पंजाबराव म्हणाले. "ढोराच्या गोठ्यासारखा."

जानरावनं ते ऐकलं. मघाशी ज्या पेल्याला वजन होतं, त्याच पेल्याला आता गोठ्याचा वास आला होता. मोहाचं नाव घेण्यापलीकडं मधे काहीच झालं नव्हतं.

"जानराव, तू सांग बरं," खुशालराव म्हणाले. "तुही जीभ काय म्हणते?"

त्यानं तिन्ही पेले चाखले आणि रीतीप्रमाणे तो पिकदाणीत थुंकला. वकिलांनी तोंड वळवलं. जानराव म्हणाला, "ही साधी, महिन्याभरातली. ही पिंपातली, अजून एक वर्स पायजे होतं, पण चांगली आहे. अन् ही तिसरी..." त्यानं पंजाबरावांकडं पाहिलं. पण विचारलं तर खरं सांगायचं, एवढंच त्याला येत होतं. "हिच्यात पाणी आहे. रंग जाळलेल्या साखरेचा आहे. बाटली विलायती असन, माल नाही."

पंजाबराव उठून उभे राहिले. "खुशालराव, तुमच्या गोदामातला बेवडा आता माह्या जावयाले खोटा पाडीन काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावांनी जानरावला बसवलं नाही, उभ्यानंच सांगितलं. "जीभ चाखायले ठेवली तुले. बोलायले नाही."

"तुमीच विचारलं, मालक."

"मी विचारलं. पण समोर कोण बसून आहे हे तुले दिसत नव्हतं?"

पुढं त्या कोपऱ्यातल्या पिंपाचं काय झालं ते जानरावनं डोळ्यांनी पाहिलं. माल रिकाम्या विलायती बाटल्यांत भरला गेला, बुचांवर लाख चढली आणि बाटल्या कॅम्पातल्या बंगल्यांत गेल्या. रामराव वकिलांकडंही सहा पोचल्या. त्यांनी निरोप पाठवला की असा माल आजवर मिळाला नव्हता. जिनिंगच्या हमालांना एक थेंबही गेला नाही. त्यांची कच्ची धार चालूच राहिली.

उरलेल्या अकरा पिंपांवर जानरावनं आशा ठेवली होती. एकोणसाठ साली ती तयार होत आली आणि त्याच साली दारूबंदी आली. गोदामाला सील लागलं. माल नष्ट करायला अंमलदार आला, तेव्हा पंचनाम्यात कोणत्या पिंपात काय हे लिहायचं होतं. खुशालराव आजारी पडले होते, म्हणून जानरावला बोलावलं. तो एकेक पिंप उघडून चाखत गेला आणि सांगत गेला. सहाव्या पिंपाशी त्यानं पेला दुसऱ्यांदा भरला. तसं जमून आलेलं त्यानं पूर्वी काही चाखलं नव्हतं.

"काय आहे?" अंमलदारानं विचारलं.

"मोहाची दारू," जानराव म्हणाला. कारकुनानं तेवढंच लिहिलं. मग पिंप आडवं केलं आणि ते मागच्या नालीत भळभळ वाहून गेलं. अकराही गेली. कागदाखाली जानरावनं सही केली.

अमरावतीत त्याला काम मिळेना. गुत्त्यावरचा माणूस म्हटलं की लोक तोंडाचा वास घ्यायचे. तो अकोल्याला जुन्या शहरात खोली घेऊन राहिला आणि बाजारात पुंजाराम नावाच्या फळवाल्याच्या दुकानावर संत्री विकायला लागला. फळ कसं आहे हे तो गिऱ्हाइकाला खरं सांगायचा, म्हणून पुंजाराम रोज चिडायचा.

त्रेसष्ट साली मोर्णेकाठी दारूबंदीची सभा झाली. सत्यवती हट्टानं त्याला घेऊन गेली. मंचावर मधल्या खुर्चीत खुशालराव होते, खादी घालून, गळ्यात हार. ते कोणत्याशा प्रचार समितीचे अध्यक्ष झाले होते. भाषण रंगलं आणि बोलता बोलता त्यांची नजर गर्दीत जानराववर पडली.

"तो पाहा, तिथं बसला तो माणूस," ते म्हणाले. "एके काळी दिवसाले वीस पेले दारू. संसाराची राख. आज पाहा, मेहनतीनं फळं विकते. बंदीनं माणूस घडवला. टाळ्या वाजवा त्याच्यासाठी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जानराव उभा राहिला. "मी कधी पेलो नाही," तो म्हणाला. "मी थुंकत होतो."

मांडवात हशा पिकला. खुशालरावही हसले, मायेनं. "खाली बस बाप्पा, आता लाज कायची? सोडली ना?"

घरी येताना सत्यवतीचा चेहरा मऊ झाला होता. बारा वर्षांत ती अशी बोलली नव्हती. "सोडली हे चांगलं केलं तुमी," ती म्हणाली. "आता कबूल करायले काय हरकत आहे?" जानराव तिच्या मागून चालत राहिला.

त्या आठवड्यात बेबीला पाहायला पातूरचे पाहुणे यायचे होते, ते आले नाहीत. सभेला त्यांच्यातलं कोणी हजर असावं. दोन वर्षांनी तिचं लग्न एका बिजवराशी झालं, जमिनीचा तुकडाही नसलेल्या घरात. मांडवात व्याही गळाभेटीला पुढं आले. त्यांनी जानरावला घट्ट धरलं, आणि धरता धरता नाक त्याच्या तोंडाजवळ आणून हळूच हुंगलं. जानरावला ते कळलं. त्यानं श्वास रोखला नाही. सोडला, पुरता, आणि व्याह्यांना पोटभर हुंगू दिलं.