मालकाची गाडी

कोऱ्हाळे बुद्रुकचा दत्तोबा डॉक्टरांची लँडमास्टर मोटार चालवायचा, तेव्हा त्याचा रुबाब डॉक्टरांपेक्षा अंमळ जास्तच होता. इमान मात्र पक्कं. मालकाच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा कायदा त्याचा त्यानंच केलेला. डॉक्टर बिचारे म्हणायचे, "अरे, रिकामा येतोस तर बायकोला आणत जा." हा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

एकदा भर उन्हाळ्यात त्याची बायको कुशाबाई डोक्यावर दळण घेऊन कालव्याच्या कडेनं चालली होती. अनवाणी. मागून दत्तोबा रिकामी गाडी घेऊन आला, हॉर्न वाजवला, ती बाजूला झाली आणि हा धुरळा उडवत निघून गेला. कुशाबाईनं त्यावर कधी शब्द काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं दत्तोबाला म्हातारपणी वाटू लागलं. असल्या इमानाला काय चाटायचंय!

ती गाडी शेवटी बावड्यात, डॉक्टरांच्या लेकीच्या दारात बंद पडली. इंजिन जाम झालं ते झालंच. शहाण्णव साली डॉक्टर गेले, तेव्हा लेक म्हणाली, "भंगारात घालायला जीव होत नाही, तात्या. तुम्हीच न्या." दत्तोबाच्या मनात एकच आलं. कुशाबाईला एकदा तरी तिच्यात बसवायचं.

साखर कारखान्याचा हंगाम संपल्यामुळं उसाचे ट्रेलर मोकळेच होते. शेजारच्या झुंबरनं आपला ट्रॅक्टर काढला. बावड्यात ट्रेलर उंच बांधाला पाठमोरा लावला, फळ्या टाकल्या, चौघांनी गाडी ढकलून वर घेतली. चाकांना दगड लावून ती दोरांनी आवळली.

"तात्या, हितं माझ्याजवळ बसा," झुंबर म्हणाला.

पण दत्तोबा बंद गाडीतच बसला, स्टिअरिंग धरून. इंदापूर गेलं, बारामती गेली. वळण आलं की हा स्टिअरिंग फिरवायचा. लोक हसले, त्याला काही वाटलं नाही.

कोऱ्हाळ्याजवळ कालव्याच्या त्याच रस्त्यावर, ऊन कलायला आलं तेव्हा, कुशाबाई दिसली. डोक्यावर गवताचा भारा. दत्तोबानं हाक मारून ट्रॅक्टर थांबवला.

"कुशे, बस वर. आता आपली हाय गाडी."

तिनं वर बघितलं. भारा ट्रेलरच्या कडेला टेकवला.

"वझं तेवढं न्या. मी येते चालत."

"अगं, तुझ्यासाठीच आणली."

"त्या दिशी पाय लई पोळलं हुतं," कुशाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता न्हाय पोळत."

म्हणजे तीही काही विसरली नव्हती. दत्तोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो दार उघडून खाली उतरला आणि झुंबरला पुढं हो म्हणाला. ट्रॅक्टर गाडी आणि भारा घेऊन निघून गेला.

दत्तोबानं पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. रस्ता अजून तापलेला होता.

"घाला त्या. पोळंल," कुशाबाई म्हणाली.

त्यानं घातल्या नाहीत.